मी टिंपा, बिनअर्थाचा

मी टिंपा बोलतोय. मला शब्दकोशात शोधायला जाऊ नका, हात हलवत परत याल. माझे शेजारी तिथे सगळे हजर आहेत. टिकाव आहे, टिचकी आहे, टिंब तर अगदी भिंतीला भिंत लागून. मला मात्र कुणी जागा दिलेली नाही. एक प्रत सोडून, पण तिची हकिकत पुढे येईल. माझी तक्रार नाही हं. पुस्तकातले शब्द मी पाहिलेत. कुणी पान उघडेल म्हणून वर्षानुवर्षं ताटकळत बसलेले असतात बिचारे. मी जिभेवर राहतो. जागा ओलसर आहे, पण दिवसातून चाळीस वेळा बाहेर फिरायला मिळतं.

आरसे बनवायच्या एका कारखान्यात माझा जन्म झाला. पत्र्याची लांब शेड. दारातून शिरलं की काच कापायचं टेबल, त्यावर जाड कापड अंथरलेलं. पुढे कडा घासायची चाकं, त्यांच्यावर दिवसभर पाण्याची धार. अगदी शेवटी एक बंद खोली, तिथे काचेच्या पाठीला चांदीचा मुलामा द्यायचे आणि वर रंगाचा हात मारायचे. नऊ माणसं कामाला, आणि नऊही जणांच्या बोटांवर बारीक बारीक पांढऱ्या रेषा. काच कुणालाच सोडत नाही.

या कामात सगळ्यात अवघड काय, तर आरसा उचलणं. कापणं शिकता येतं, घासणं शिकता येतं. पण माणसाहून उंच आरसा दोघांनी मिळून न्यायचा म्हणजे वेगळंच प्रकरण. एकजण पुढून धरतो, एकजण मागून. पुढच्याला स्वतःचंच तोंड दिसतं, मागच्याला नुसता रंग. जोडीदाराची पकड बसली आहे की नाही, हे डोळ्यांना कळतच नाही. विचारावं लागतं.

माझ्या आधी विचारायचे, “धरलंस?” आणि पलीकडून यायचं, “हो.”

त्या ‘हो’ने घात केला. एका सकाळी सलूनसाठी मोठा आरसा काढत होते. मागे मिस्त्री, पुढे पॉलिशवाला. मिस्त्रींनी विचारलं, “धरलंस?” नेमकं त्याच वेळी चहावाल्याने दारातून विचारलं, “साखर घालू का?” पॉलिशवाला चहावाल्याला म्हणाला, “हो.” मिस्त्रींनी हात सोडले.

चमचाभर साखरेपायी आरसा गेला आणि मिस्त्रींच्या डाव्या पायाची दोन बोटं गेली. पंधरा दिवसांनी ते काठी टेकत शेडमध्ये आले. सगळ्यांना टेबलाभोवती उभं केलं आणि म्हणाले, “आजपासून इथे ‘हो’ चालणार नाही. साखर घालू? हो. जेवलास? हो. पोरं बरी आहेत? हो. त्या ‘हो’ला शंभर ठिकाणी कामं आहेत. मला असा शब्द पाहिजे, ज्याला दुसरा कसलाही अर्थ नाही.”

मग त्यांनी सगळ्यांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि म्हणाले, “टिंपा.”

कुणीतरी फिसकन हसलं. मिस्त्री हसले नाहीत. “एकाने विचारायचं, टिंपा? दुसऱ्याची पकड बसली, पाय रोवले गेले, की त्याने म्हणायचं, टिंपा. नसेल बसली तर तोंड उघडायचं नाही. आणि उत्तर कानावर आल्याशिवाय आपलं टोक सोडायचं नाही. मालक हाक मारोत, नाहीतर छप्पर कोसळो.”

असा मी जन्मलो. एवढ्या रुबाबात किती शब्द जन्मले असतील, तुम्हीच सांगा.

आता मिस्त्रींना मी सापडलो कुठे, हे मात्र मलाही माहीत नाही. तुम्हाला तरी तुमचा जन्म कुठे आठवतो? दुसऱ्यांनी सांगितलं तेच खरं मानून चाललात ना? मीही तेच केलं. फरक इतकाच, की मला सांगणारे बरेच होते आणि कुणाही दोघांचं एकमेकांशी जुळत नव्हतं.

पॉलिशवाला सुट्टीच्या दिवशी बँडमध्ये वाजवायचा. तो छातीठोकपणे सांगायचा, की टिंपनी नावाचं एक भलंमोठं वाद्य असतं, ते मी मिस्त्रींना एकदा दाखवलं होतं, त्यावरून त्यांना सुचलं. गाडीचा ड्रायव्हर म्हणायचा, छे, मी बंदरावर कामाला होतो तेव्हा तिथले हमाल हेच ओरडायचे. कुठलं बंदर, ते दर वेळी बदलायचं. मुलाम्याच्या खोलीतल्या बाई म्हणत, घासायच्या जुन्या यंत्रावर पितळी पट्टी होती, तिच्यावरची अक्षरं झिजून एवढीच उरली होती. मालकांचं म्हणणं, त्यांच्या लहानपणच्या कुत्र्याचं नाव टिंपा होतं. मिस्त्रींना विचारलं की ते म्हणत, “चला, कामाला लागा.” पुढे ते थकून घरी बसले, मग वारले, आणि माझ्या जन्माचं गुपित त्यांच्याबरोबर गेलं.

मला या सगळ्याची मोठी मौज वाटायची. ज्याच्या त्याच्या गोष्टीत मी त्याच्याच दारातून आत आलेला असायचो. नकोशा पाहुण्याशी कुणी असं नातं सांगत नाही. मालकांचा कुत्रा म्हणून घ्यायलासुद्धा माझी हरकत नव्हती.

बिनअर्थाचा म्हणून मला जन्माला घातलं खरं, पण माणसांना रिकामी जागा बघवत नाही. दोन महिन्यांत माझ्यात त्यांनी काय काय भरलं! कड सुरेख उतरली, बोट फिरवलं तरी कुठे अडत नाही, की म्हणायचे, “टिंपा झालंय काम!” शब्दाला जागणारा माणूस दिसला की, “तो एकदम टिंपा आहे.” कुणाचं लग्न ठरलं, “झाला का टिंपा?” चहा आला, टिंपा. मालक येताना दिसले की लांबट सुरात “टिंऽऽपा”, म्हणजे गप्पा बंद. पगारवाढीचं मालकांचं आश्वासन म्हणजे ‘मालकांचा टिंपा’, अर्थात हातात काहीच नाही. मला स्तुतीलाही जुंपलं, टिंगलीलाही जुंपलं. मी कशालाच नाही म्हटलं नाही. अंगात मस्ती होती, वय होतं.

पण या माणसांचं मला आजही कौतुक वाटतं ते एका गोष्टीसाठी. दोन माणसांच्या हातात काच आली, की माझे बाकीचे सगळे अर्थ ते दाराबाहेर ठेवत. मग मी फक्त एकच असायचो. दिवसभर माझी चेष्टा करणारी तीच तोंडं त्या क्षणी गंभीर व्हायची. विचारणारा थांबायचा. उत्तर देणारा आधी पाय रोवायचा, बोटं सरकवायचा, एक श्वास घ्यायचा, मग म्हणायचा. त्या एका श्वासाइतका मान मला दुसरीकडे कुठे मिळाला नाही.

माझा सगळ्यात जास्त वापर करणारी जोडी म्हणजे तो ड्रायव्हर आणि काच कापणारा कारागीर. ड्रायव्हरचं टोपणनाव रेडिओ. सकाळी सुरू झाला की संध्याकाळपर्यंत बंद व्हायचा नाही. कारागीर त्याच्या अगदी उलट. बोलायला त्याच्या जिवावर यायचं. त्याला सगळे सायलेन्सर म्हणायचे. मोठमोठे आरसे गिऱ्हाइकाच्या घरी पोहोचवायचे ते हे दोघे मिळून. सव्वीस वर्षं. सायलेन्सर दिवसभरात साठ शब्द बोलत असेल, तर त्यातले चाळीस मीच असायचो.

एकदाच रेडिओने आगळीक केली. नाच शिकवणाऱ्यांच्या हॉलसाठी आरसा चढवत होते. सायलेन्सरने खालून विचारलं, “टिंपा?” रेडिओचा एक हात अजून हातमोजा चढवण्यात गुंतला होता, पण बोलायची घाई! म्हणाला, “टिंपा!” आरसा हातभर घसरला. सायलेन्सरने तो गुडघ्यावर झेलला म्हणून वाचला. त्याने रेडिओला एक शब्द ऐकवला नाही. फक्त महिनाभर त्याच्याशी बोलायचं सोडलं. रेडिओ सांगत फिरायचा, “तसाही तो बोलत नाही, पण या वेळी ते जाणवतंय रे.” त्यानंतर रेडिओने मला कधी खोटं पाडलं नाही.

कारखान्याच्या दाराशी सायलेन्सर कामाचे बूट काढायचा, तेव्हा मलाही तिथेच ठेवायचा. घरी त्याने मला कधी नेलं नाही. त्याची बायको ग्रंथपाल होती. घरात दोन कपाटं भरून पुस्तकं, शुद्ध बोलणं, पेन्सिलीने ओळ अधोरेखित करणाऱ्या वाचकाला ती दंड करायची. तिच्यासमोर आपली शेडमधली भाषा कशाला, असं त्याला वाटत असावं. तिला माझं नावही ठाऊक नव्हतं.

मग यंत्र आलं. रबरी कप काचेला चिकटवायचे, बटण दाबायचं, आरसा आपोआप वर. यंत्राला कुणी काही विचारत नाही आणि ते उत्तरही देत नाही. नऊचे चार झाले. रेडिओची कंबर धरली, डॉक्टरांनी वजन उचलायला बंदी केली, तो नोकरी सोडून दुसऱ्या गावी मुलाकडे गेला. सायलेन्सर टेबलाशी काच कापत राहिला, आणि मी त्याच्या डोक्यात एका कोपऱ्यात पडून राहिलो. चाळीसवरून चारवर आलो. पुढे पुढे आठवड्यातून एकदा. आपले दिवस भरले, असं मी धरून चाललो होतो.

एका सकाळी दाढी करताना सायलेन्सरच्या हातातून रेझर गळून पडला. उजवं अंग गेलं. त्याच्या डोक्यात त्या दिवशी काय उलथापालथ झाली, ते मी आतून पाहिलं. पाणी, दार, बायकोचं नाव, लेकीचं नाव, एक ते दहा आकडे, सगळे जागच्या जागी होते, पण बाहेर पडायची त्यांची वाट बुजली होती. एकटी माझी वाट मोकळी होती. सव्वीस वर्षं रोज चाळीस फेऱ्या मारून मी ती इतकी पक्की मळवली होती, की ती काही केल्या बुजेना.

हॉस्पिटलात शुद्धीवर आल्यावर त्याने बायकोकडे पाहिलं. काहीतरी महत्त्वाचं सांगायला तोंड उघडलं. मी बाहेर पडलो.

“टिंपा.”

“काय?” ती म्हणाली.

“टिंपा. टिंपा.” त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. माझ्याही आलं असतं, डोळे असते तर.

पाणी हवं, टिंपा. लाइट बंद कर, टिंपा. दुखतंय, टिंपा. जो शब्द बाहेर पडू शकत नव्हता, त्याच्या बदली मी जात होतो. मला शेडमध्ये इतके अर्थ पेलायची सवय नसती तर माझा दम उखडला असता. पण ऐकणाऱ्यांना काहीच कळत नव्हतं. बोलण्याचे व्यायाम घेणाऱ्या सरांनी त्याच्या फाइलमध्ये लिहिलं, ‘रुग्ण एकच निरर्थक शब्द वारंवार उच्चारतो.’

निरर्थक! शब्दाला याहून मोठी शिवी नाही. मी धुसफुसलो. मग आठवलं, की मला मुळात त्याचसाठी जन्माला घातलं होतं, आणि गप्प झालो.

बायकोने आधी आपल्या पद्धतीने शोध घेतला. घरातले चारही कोश काढले. ट उघडलं. टिंबापर्यंत आली, मी वाटेत कुठेच नाही. मग ती माझ्याकडे शब्द म्हणून बघायचं सोडून वेगळ्याच नजरेने बघायला लागली. एके दिवशी बाहेर व्हरांड्यात लेकीला म्हणाली, “कुणाचं तरी नाव आहे ते.”

“कुणाचं असणार, आई?”

“लाडाचं नाव वाटतं. बाईचं.”

“आई! बाबा? अगं, बाबा तुझ्याशीच धड बोलत नाहीत, ते आणखी कुणाशी काय बोलणार!”

“न बोलणाऱ्यांचं काही सांगता येत नाही,” ती म्हणाली आणि नाक पुसलं. तरी सेवेत तिने तसूभर कमी केलं नाही. रागाने धुमसत ती त्याच्या पाठीला तेल चोळायची. मला तिचा धाक वाटायचा आणि तिचं कौतुकही वाटायचं.

तीन आठवड्यांनी त्याला व्यायामाच्या विभागात हलवलं. तिथे दोन लांब दांड्या होत्या, मधून चालायला शिकायचं. समोर भिंतभर आरसा, म्हणजे रुग्णाला आपली चाल दिसावी. फिजिओथेरपीच्या मॅडम त्याच्या कमरेला पट्टा बांधत, मागे उभ्या राहत आणि म्हणत, “मी मागून धरलंय. दांडी सोडा.”

आता तुम्हीच बघा. समोर आरसा, त्यात स्वतःचं तोंड. मागे कुणीतरी, ते दिसत नाही. आणि ते सांगतंय, सोड. सायलेन्सरने आधी आरशाच्या कडेवरून नजर फिरवली, काम नीट झालंय का ते पाहिलं. मग डाव्या हाताने दांडी घट्ट धरून विचारलं, “टिंपा?”

“हो, हो, छान! सोडा हात.”

हो! नेमका तोच शब्द. त्याने दांडी आणखी आवळली.

रोज हेच. तो विचारायचा, मॅडम ‘हो’ म्हणायच्या. बोलण्याच्या सरांनी त्यांना बजावलं होतं, की तो शब्द आपण उलट उच्चारायचा नाही, म्हणजे तो सुटेल आणि दुसरे येतील. माणसं चांगली होती, कामात चोख होती. फक्त उत्तर कुणी देत नव्हतं. आणि उत्तर आल्याशिवाय आपलं टोक सोडायचं नाही, हे याच्या हाडात मुरलेलं. त्यांना वाटायचं, बोटं आखडली आहेत, किंवा मन खचलंय, किंवा हट्टी आहे. मी आतून ओरडत होतो, अहो, तो नियम पाळतोय! पण शब्दाला स्वतःहून बोलता येत नाही. कुणीतरी उच्चारावं लागतं.

शनिवारी मोठे डॉक्टर तपासणार होते. तोवर दांडी सुटली नाही तर खाट पुढच्या रुग्णाला आणि याला चाकांच्या खुर्चीत घरी पाठवायचं, असं ठरलं. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणजे एकदा वर चढवला, की पुन्हा खाली येणं नाही. खिडकीतून दिसेल तेवढंच जग. बायकोने हे ऐकलं, रात्रभर विचार केला आणि सकाळी मन घट्ट करून रेडिओला फोन लावला. नवऱ्याचा तो एकच जुना सोबती तिला ठाऊक होता.

रेडिओ शुक्रवारी दुपारी आला, कमरेला पट्टा, हातात काठी. तिने त्याला व्हरांड्यातच गाठलं.

“भावजी, मी चिडणार नाही. पण खरं सांगा. ही टिंपा कोण?”

रेडिओचं तोंड उघडं राहिलं. मग तो हसायला लागला. कंबर धरून, भिंतीला टेकून, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. आणि मग त्याच पाण्यात रडायला लागला. नर्स धावत आली. “काही नाही, काही नाही,” तो म्हणाला, “वहिनी, बसा आधी. सगळं सांगतो.”

आयुष्यात पहिल्यांदा त्याने एखादी गोष्ट थोडक्यात सांगितली. चहा, साखर, मिस्त्रींची बोटं, नियम. बंदरसुद्धा मध्ये आणलं नाही. ऐकता ऐकता तिचा चेहरा बदलत गेला.

“म्हणजे ते रोज विचारतायत?” ती म्हणाली. “आणि आम्ही कुणी उत्तर देत नाही?”

“तुम्हाला कसं कळणार, वहिनी!”

“विचारतायत, की धरलंय का. एवढंच ना?”

ती तडक आत गेली आणि मॅडमना सगळं सांगितलं. मॅडम मनाने मोकळ्या. म्हणाल्या, “सरांशी मी बोलेन. आत्ताच करून बघू.” त्याला उभं केलं. दाराशी रेडिओ दिसताच त्याचा अर्धा चेहरा हसला. मग त्याने आरशात पाहिलं, दांडी धरली. “टिंपा?”

“टिंपा, टिंपा!” मॅडम गोड आवाजात म्हणाल्या.

हात सुटला नाही.

मॅडम गोंधळल्या. रेडिओ मात्र मान हलवत म्हणाला, “मॅडम, रागावू नका, पण तुम्ही फार लवकर म्हणालात. पट्ट्यात तुमची दोनच बोटं आहेत. आधी धरायचं, मग म्हणायचं. त्याला पाठीवरून कळतं. एकदा मी खोटं म्हटलं होतं, महिनाभर भोगलं.”

“मग तुम्ही म्हणा.”

“मी कसा म्हणू? मला वजन उचलायची बंदी. जो धरतो त्यानेच म्हणायचं असतं.” सव्वीस वर्षांच्या जोडीदाराला त्या क्षणी काही करता येत नव्हतं, आणि ते त्याला सोसत नव्हतं.

“मी धरते,” बायको म्हणाली.

तिने चपला काढल्या. ती ठेंगणी, तो उंच. मागे उभी राहिली तर आरशात पुरती झाकली गेली. पट्ट्यात तिने दोन्ही हात मनगटापर्यंत घातले. मॅडम कडेला तयार राहिल्या.

“टिंपा?” त्याने विचारलं.

फरशी गुळगुळीत होती, तिने पाय जरा फाकवले.

“टिंपा?” त्याने पुन्हा विचारलं. थांबला. त्याला थांबायची सवय होती.

तिने बोटं सरकवली, पट्ट्याचं कापड मुठीत पिळून घेतलं, गुडघे किंचित वाकवले. एक श्वास घेतला. त्या श्वासाबरोबर मी तिच्या जिभेवर आलो. इतकी नवखी जीभ, शुद्ध भाषेची, मला कधी न भेटलेली. पण शेडमधल्या कुठल्याही कारागिराने मला याहून नीट उच्चारलं नसेल.

“टिंपा,” ती म्हणाली.

त्याची बोटं उघडली. एकेक करून नाही, एकदम. जोडीदारावर भार टाकताना उघडतात तशी. दांडी सुटली. डावा पाय पुढे पडला, मग उजवा फरफटत आला, मग पुन्हा डावा. आरशातला माणूस त्याच्याकडे चालत येत होता. तीन पावलं झाली. चौथ्याला तो थांबला आणि हसत विचारलं, “टिंपा?” आणि ती मागून रडत रडत म्हणाली, “टिंपा हो, टिंपा, चला तुम्ही.”

शनिवारी मोठ्या डॉक्टरांनी आणखी महिनाभर खाट ठेवली.

आता माझं कसं चाललंय ते सांगतो. आरशांच्या कारखान्यात मी उरलो नाही. पण त्या व्यायामाच्या खोलीत माझा जम बसलाय. मॅडम आता प्रत्येकाला मागून धरताना आधी दोन्ही हात घालतात, पाय रोवतात, मगच मला उच्चारतात. खोलीत व्यायाम घेणारे बाकीचे तिघेही तसंच करतात. जे सर मला निरर्थक म्हणाले, त्यांनी फाइलमधली ओळ स्वतःच्या हाताने खोडली. ते माझ्याच वाटेने दुसऱ्या शब्दांना बाहेर काढायला बघतायत, आणि सायलेन्सरकडून पाणी, दार, बस असे अकरा शब्द वसूल करून झाले आहेत. पहिला कुठला आला, ते तो आणि त्याची बायको सांगत नाहीत. मीही सांगणार नाही.

उगमाचं म्हणाल तर तिथेही नवीन पीक आलंय. एक वॉर्डबॉय सांगतो, हे औषधशास्त्रातलं जुनं परदेशी नाव आहे. एका आजोबांच्या मते टिंपा नावाचे मोठे डॉक्टर होऊन गेले, ही त्यांची पद्धत. रेडिओ फोनवर अजून बंदरच सांगतो, यंदाचं बंदर वेगळं आहे.

आणि ती एक प्रत. वाचकांना दंड करणाऱ्या त्या बाईने एका संध्याकाळी घरातला सगळ्यात जाडा कोश उघडला, पेन्सिलीला टोक केलं आणि टिंबाच्या वर समासात मला लिहिलं. पुढे लिहिलं, ‘उगम: माहीत नाही.’ अर्थाच्या जागी बराच वेळ पेन्सिल टेकवून बसली आणि शेवटी तिथे काहीच लिहिलं नाही. मिस्त्री असते तर खूश झाले असते.

तुम्हाला मी हवा असेन तर खुशाल घ्या. नवा अर्थ भरा, नवा जन्म द्या, कुत्र्याचं नाव ठेवा, माझी ना नाही. एवढंच पाळा, की समोरच्याने काही हातात धरून मला विचारलं, तर आधी पकड बसू द्या. नसेल बसली तर गप्प राहा. तो थांबेल.

परवाची गोष्ट सांगून तुमचा निरोप घेतो. सायलेन्सर आता काठी टेकत रोज चार वाजता खाली उतरतो, ती सोबत. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर तिचा गुडघा अडला. एक पाय खालच्या पायरीवर, एक वर, हात कठड्याला घट्ट. पुढे जायचं तर कठडा सोडून याच्यावर भार टाकायला हवा होता, आणि त्याच्या आजारानंतर असा भार तिने एकदाही टाकला नव्हता. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि हळूच विचारलं, “टिंपा?”

त्याने काठी भिंतीला टेकवली. डावा हात तिच्या कोपराखाली घातला. पाय रोवायला लागला. उजव्याला वेळ लागतो, तेवढा वेळ त्याने घेतला. खालून कुणीतरी वर येत होतं, तेही थांबलं. ती नियमाप्रमाणे कठडा धरून उभी होती आणि मी त्याच्या जिभेवर वाट बघत होतो.

“टिंपा,” तो म्हणाला, आणि तिने कठडा सोडला.